दिले कोणी? ‘दत्तकपण’ या शब्दाची मराठी वाटचाल

बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारकडे निघाले की होसकोटे लागते. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर विजापूर दरबाराने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली, तिच्यात बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि सिरा यांच्याबरोबर होसकोटेही होते. मराठी वाचकाला या नावाची ओळख असायला हवी. सहसा ती नसते. आज तेथे व्यवहार कन्नडमध्ये चालतो, तेलुगू आणि तमिळ हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मराठी काही घरांच्या उंबरठ्याच्या आत उरली आहे. अशाच एका ख्रिस्ती घरात एक संध्याकाळ घालवण्याचा योग आला. घरातील आजी सोलापूरकडच्या; त्यांचे पवित्र शास्त्र मराठी. मुलीचे कन्नड, जावयाचे तमिळ. कौटुंबिक प्रार्थनेत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय प्रत्येकाने आपापल्या भाषेत वाचला, आणि पंधराव्या वचनातील एका शब्दापाशी माझ्यातील तौलनिक अभ्यासक जागा झाला.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे माणूस देवाचे लेकरू ‘होतो’. या होण्यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘हुइओथेसिया’. त्याची फोड केली तर अर्थ निघतो पुत्र म्हणून स्थापणे. मराठी भाषांतराने येथे ‘दत्तकपण’ हा शब्द योजला आहे. तमिळमध्ये ‘पुत्रस्वीकार’ आहे, हिंदीत ‘लेपालकपन’. तेलुगू मराठीच्या जवळची. तिच्यातही ‘दत्तपुत्र’ येतो. कन्नड मात्र ‘मगन भाव’ म्हणते, म्हणजे मुलाचा भाव, मुलगेपणाची अवस्था. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातही या ठिकाणी कायद्याचा शब्द नाही, बालकासारख्या वृत्तीचा आहे. आणि कन्नड बायबलच्या संस्करणांत बासेल मिशनच्या जर्मन भाषकांचा हात होता. दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो येथे मोह म्हणूनच ठेवतो.

शब्दांची ही रांग समानार्थी दिसते, परंतु प्रत्येक शब्द प्रसंगातील वेगळ्या पात्राकडे बोट दाखवतो. तमिळ शब्दाचा कर्ता स्वीकारणारा आहे. हिंदी शब्दाचा कर्ता घेऊन पाळणारा आहे. कन्नड शब्दाला कर्ताच नाही. तेथे केवळ मुलाचे मन आहे. मराठी शब्दाच्या मुळाशी मात्र ‘दत्त’ आहे, म्हणजे दिलेला. जो दिलेला आहे त्याला कोणीतरी दिलेले असले पाहिजे. पौलाच्या शब्दात हा देणारा नाही. मराठीत तो भाषांतराबरोबर आत आला आणि त्याच्यासोबत एक प्रश्न आला: दिले कोणी? ‘दत्तकपण’ हा रुक्ष, कचेरीतला शब्द असून भक्तीच्या भाषेत तो उपरा वाटतो, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. मला तो मान्य नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याची सर्वांत मोठी वेदना या उपऱ्या वाटणाऱ्या शब्दात साठलेली आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाच्या घरचा व्यवहार पाहू. धर्मशास्त्रात दत्तविधान म्हणजे दान आणि प्रतिग्रह. पुत्र देण्याचा अधिकार जन्मदात्या आईबापांचा. त्यांनी हाताने दिल्याशिवाय आणि दुसऱ्याने घेतल्याशिवाय दत्तक सिद्ध होत नाही. याचा एक परिणाम आज वाचताना अंगावर येतो. अनाथ मुलाला दत्तक घेता येत नसे, कारण त्याला देणारे कोणी उरलेले नसे. दुसरा निर्बंध वसिष्ठाचा: एकुलता एक पुत्र देऊ नये आणि घेऊही नये. या निर्बंधावर इंग्रजी न्यायालयांत दीर्घ काळ खल झाला आणि १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असे दत्तक ग्राह्य ठरवले. तोवर एकुलता एक मुलगा देणे हे पापाच्या जवळचे कृत्य होते. आता योहानाच्या शुभवर्तमानातील ज्या वचनावर मिशनरी प्रवचनांचा सारा भर असे ते आठवावे. तेथे देव आपला ‘एकुलता एक’ पुत्र देतो. एकोणिसाव्या शतकातील शास्त्री श्रोत्याला हे वाक्य कसे ऐकू गेले असेल? जे दान निषिद्ध तेच देवाने केले, असे. पौलाच्या विचारात देणारा सापडत नाही असे वर म्हटले. तो या दुसऱ्या ठिकाणी सापडतो. येथे दिला जातो तो मात्र दत्तक जाणारा नव्हे. औरस पुत्र दिला जातो, आणि त्याच्या देण्यामुळे परके घरात येतात. मराठी शब्द नसता तर या दोन वचनांमधील हा ताण आपल्याला दिसला नसता.

गरजेची दिशाही उलटते. दत्तक घेतो तो निपुत्रिक बाप, आपल्या पिंडासाठी, वंशासाठी आणि वतनासाठी. गरज बापाची असते; मुलाला विचारतो कोण? रोमन कायद्यातही वारस हवा म्हणूनच प्रौढ पुरुष दत्तक घेतले जात. ऑगस्टसने तिबेरियसला घेतले ते मायेने नव्हे. या दृष्टीने पाहता पौलाच्या काळचा रोम आणि नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’वर चालणारा महाराष्ट्र हे एकमेकांना चांगले समजले असते. ज्या बापाला पुत्र आहे, ज्याचा वंश खुंटण्याचे भय नाही, तो दत्तक घेतो, ही पौलाची उलथापालथ मराठी वाचकाला शब्दासरशी खटकावी अशीच होती. कन्नड ‘भाव’ हा शब्द गोड आहे, पण त्याच्यात हा खटका नाही.

होसकोट्यापासून सुरू झालेला एक धागा येथे कामी येतो. शहाजीराजांच्या या जहागिरीतूनच व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावरला गेले आणि तेथे भोसल्यांचे मराठी राज्य उभे राहिले. त्याच घराण्यातील तुळजाजींना वारस उरला नाही, तेव्हा त्यांनी १७८७ मध्ये भोसल्यांच्या दूरच्या शाखेतील सुमारे दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हे दुसरे सरफोजी. मृत्युशय्येवरील राजाने मुलाला ज्याच्या हाती सोपवू पाहिले तो कोणी सरदार नव्हता. तो ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा लूथरन मिशनरी होता. त्याने एकट्याने पालकत्व घेण्यास नकार दिला, आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंग याच्याकडे कारभार गेला. लवकरच दत्तविधानावर आक्षेप निघाले. मुलाचे वय आणि तो बापाचा एकुलता एक असणे हे त्यांतले प्रमुख. कंपनी सरकारने पंडितांची मते घेऊन दत्तक अवैध ठरवले आणि अमरसिंगाला गादीवर बसवले. पुढे मुलाच्या जिवाची काळजी वाटून श्वार्ट्झच्या खटपटीने त्याला मद्रासला हलवण्यात आले. तेथे मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. पंडितांची मते पुन्हा मागवण्यात आली, दत्तक वैध ठरले, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता.

या कथेत ‘दिले कोणी’ या प्रश्नाची तीन उत्तरे एकावर एक बसली आहेत. जन्मदात्याने तुळजाजींना दिले, तुळजाजींनी श्वार्ट्झला देऊ केले, आणि श्वार्ट्झने, ज्याचा धर्मच दत्तकपणाची सुवार्ता सांगणारा, त्याला पुन्हा भोसल्यांच्या गादीला दिले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. मात्र श्वार्ट्झच्या समाधिशिलेवर त्यांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरवल्या आणि त्यांत त्याला पिता म्हणून संबोधले. शिवाय फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणोन्मुख मिशनरी आणि त्याच्या भेटीस आलेला राजा असा त्यातला प्रसंग आहे. याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरवले. ज्याचे पुत्रत्व पाच वर्षांपूर्वीपर्यंत वादात होते त्याने आपला वंश दगडात लिहवून घ्यावा, यातला आग्रह समजण्यासारखा आहे. तौलनिक अभ्यासकांनी हे दोन कोरीव लेख शेजारी ठेवून वाचावेत, असे मला फार दिवस वाटते. एकाच माणसाने दोन बाप दोन भाषांत लिहिले आहेत: मराठीत वंशाचा, इंग्रजीत मायेचा. मराठीत तो दत्तक आहे आणि ते कसून सिद्ध करतो. इंग्रजीत सिद्ध करण्यासारखे काहीच नाही. तेथे कोणी दिलेले नाही, कोणी कायद्याने घेतलेले नाही, आणि तरीही ‘पिता’ हा शब्द आला आहे. पौलाला अभिप्रेत पुत्रत्व यांतल्या कोणत्या लेखाच्या जवळ आहे, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. दत्तकपणाला वारसा लागतो, आणि पौलही त्याच अध्यायात पुत्रांना लगेच वारस म्हणतो.

अभ्यासक येथे थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे (१६१६) वळतील. मी तिकडे जात नाही, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नाही, सामाजिक आहे. साष्टीत गावेच्या गावे बाप्तिस्मा घेत होती. आईबाप आणि मुले बहुधा एकाच बाजूला असत. ‘दिले कोणी’ हा प्रश्न तेथे घर फोडत नव्हता. तो फोडू लागला एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश मुलखात, जेव्हा एकेकटा तरुण घरातून उठून मिशनच्या बंगल्यात जाऊ लागला.

१८४३ चे श्रीपती शेषाद्री प्रकरण प्रसिद्ध आहे. पण त्याचा विचार सहसा शुद्धीच्या इतिहासात होतो, पुत्रत्वाच्या नव्हे. त्या वर्षी नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, वय बाराच्या आसपास, मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला राहिला. बापाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याचा पक्ष उचलला आणि त्यावरून ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. मुलगा परत आला होता, पण घरचा झाला नव्हता. या प्रकरणातील प्रत्येक पक्ष त्याच्यावर हक्क सांगत होता आणि देणारा कोणीच नव्हता. बापाने दिला नाही. मिशनने घेतला तो न दिलेला. न्यायालयाने परत दिला तर जातीने घेतला नाही. अमेरिकन मिशनने मराठी नवा करार पुरा केला तो १८२६ मध्ये. देवाच्या घरी दत्तक जाण्याची भाषा अशी पुस्तकात आधी आली आणि न्यायालयात मागाहून.

मालमत्तेचे अंग विसरून चालणार नाही. धर्मांतरिताचा वारसाहक्क बुडू नये म्हणून कंपनी सरकारने १८५० चा एकविसावा कायदा केला, आणि त्याविरुद्ध हिंदू समाजातून जोरदार ओरड झाली. ज्यांचा ऐहिक वारसा धोक्यात होता त्यांना ‘देवाचे वारस’ हा शब्दप्रयोग निव्वळ रूपक वाटला असेल, असे मानणे कठीण आहे. त्याच सुमारास सातारा (१८४८), झाशी आणि नागपूर (१८५४) ही संस्थाने दत्तक नामंजूर करून खालसा झाली. राज्यकर्त्यांचा देव दत्तक घेतो आणि राज्यकर्ते दत्तक नाकारतात, हा विरोध तेव्हाच्या बाजारात कोणी बोलून दाखवला नसेल तर नवल. बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतात ते या वातावरणात. त्यांचे गद्य पुराव्यांनी, प्रश्नोत्तरांनी आणि खंडनमंडनाने भरलेले आहे. एखाद्या दाव्याची कागदपत्रे वाचावीत तसे ते कधी कधी वाटते. याला मी दोष मानत नाही. ज्याच्या पुत्रत्वाला आव्हान आहे त्याची भाषा अशीच होते, हे तंजावरच्या भिंतीने दाखवलेच आहे.

नारायण वामन टिळकांपाशी चित्र पालटते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाषांतरित शास्त्रातील ‘दत्तकपण’ त्यांना अर्थातच ठाऊक होते, आणि तरी त्यांच्या अभंगांत देवाशी असलेले नाते दत्तकाचे नाही. ते पोटच्या लेकराचे आहे. ख्रिस्त तेथे गुरू आहे आणि आई आहे. लेकरू रडते, हट्ट करते, पदर धरते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्या पुलावरून येताना त्यांनी वारकऱ्यांचे ‘मायबाप’ सोबत आणले, यात आश्चर्य नाही. वारकरी परंपरेत लेकरू व्हावे लागत नाही. जनाबाईचा विठोबा मुलाबाळांत वावरतो. मुलांनी आपले मूलपण सिद्ध करावे, अशी त्याची अट नाही. बापाच्या जागी आई आली की ‘दिले कोणी’ हा प्रश्नच गळून पडतो, कारण आईला मूल कोणी देत नाही, ती त्याला जन्म देते.

टिळकांचे हे स्थलांतर सर्वांनी गौरवले आहे. देशीकरण, सात्मीकरण असे शब्द त्यासाठी वापरले जातात. मला त्यात एक टाळणेही दिसते. टिळकांचे घर दुभंगले होते. लक्ष्मीबाई पाच वर्षे दूर राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो स्वतःच्या वेगळ्या वाटेने. ज्याला स्वतःच्या माणसांनी ‘दिलेले’ नाही, त्याने देवाच्या घरचे दत्तकपण गावे कसे? त्या शब्दाचा उच्चार म्हणजे पहिले घर सुटल्याची कबुली, कारण दत्तक गेलेल्याचे जन्मकुळाशी गोत्र तुटते. टिळकांना ते तोडायचे नव्हते. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही जागा ठेवली. धर्मशास्त्रज्ञ याला सर्व मानवांच्या देवपुत्रत्वाची उदार कल्पना म्हणतील. मी त्याला दत्तकपत्र न करता दोन घरे राखण्याचा प्रयत्न म्हणेन. (त्यांच्या मुलाचे नाव देवदत्त. ते धर्मांतरापूर्वीचे, आणि हा निव्वळ योगायोग. पण काही योगायोग शेऱ्याशिवाय सोडवत नाहीत.)

तुटल्याचा हा भाग, जो अभंगांत नाही, तो ‘स्मृतिचित्रां’त आहे. लक्ष्मीबाई सिद्धान्त मांडत नाहीत. त्या वेगळे शिजवणे, पाणी घ्यावे की न घ्यावे, नातेवाइकांची ये-जा आणि घरात येऊन राहिलेली पोरकी मुले यांविषयी लिहितात. कोणाच्या हातचे खाल्ले की आपण कोणाचे होतो, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ‘दत्तकपण’ या शब्दावरचे मराठीतील सर्वांत चांगले भाष्य मला तरी याच पुस्तकात सापडते, त्या शब्दावर भाष्य करण्याचा बाईंचा काही विचार नसताना.

राहतो प्रश्न मुलींचा. ‘हुइओथेसिया’त पुत्र आहे, ‘दत्तक’ही परंपरेने पुत्रच. मुलगी पिंड देत नाही, म्हणून ती घेण्याचे कारण नाही. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनंतर पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात ज्या शेकडो मुली आणल्या, त्या या शब्दाच्या दुहेरी बाहेर होत्या: मुली म्हणून घेता न येणाऱ्या, अनाथ म्हणून देता न येणाऱ्या. त्यांच्यामध्ये राहून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भाषांतराच्या सोपेपणाची चर्चा होते. ते कोणाला ऐकवण्यासाठी सोपे केले, हे लक्षात घेतले तर योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना अनाथ सोडणार नाही म्हणतो, ते वचन केडगावात कसे वाचले गेले असेल याची कल्पना करता येते.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेणे मान्य केले, पण देणारा, घेणारा आणि दिले जाणारे मूल, तिघेही हिंदू असण्याच्या अटीवर. हिंदू या शब्दात त्या कायद्याने बौद्ध, जैन आणि शीखही धरले. ख्रिस्ती माणसाला या देशात दत्तकाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली तो मुलाचा पालक होऊ शके, बाप नव्हे. आणि पाल्य सज्ञान झाले की ते नातेही कागदावर संपे. त्याच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला, म्हणजे १८५० मध्ये बापाला जे मिळाले ते मुलाला नाकारले. ज्यांच्या श्रद्धेचा पायाच दत्तकपण, त्यांना दत्तक घेण्याचा अधिकार देशभर मिळाला तो बाल न्याय कायद्याच्या २००० च्या संहितेने आणि तिच्यातील २००६ च्या दुरुस्तीने. धर्म कोणताही असो, या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. भाषांतरात शब्द येऊन तोवर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

होसकोट्याच्या त्या घरात हे सारे माझ्या मनात नव्हते. ते मागाहून जुळत गेले. निरोप घेताना आजींनी सहज सांगितले की, कन्नड वाचणारी मुलगी त्यांच्या पोटची नाही. ती वर्षाची असताना, १९९४ मध्ये, घरी आली. न्यायालयाच्या कागदावर आजी आणि त्यांचे यजमान तिचे ‘पालक’ आहेत. पुढे कायदा बदलला तोवर ती मोठी झाली होती, म्हणून तो कागद तसाच राहिला. रविवारी मंडळीत मराठी शास्त्र वाचताना ‘दत्तकपण’ आले की आपण तो शब्द जरा मोठ्याने वाचतो, असे त्या म्हणाल्या. मुलगी हसली. तिच्या हातातील कन्नड पानावर त्या जागी ‘मगन भाव’ होते, आणि कन्नडमध्ये ‘मग’ म्हणजे मुलगा; मुलीला ‘मगळु’ म्हणतात.